जुन्या ट्रकचे इंजिन : बिडावरचे आकडे वाचल्याशिवाय निदान नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पुरवणीत जिनिंगच्या आवारात पडून असलेल्या एका जुन्या ट्रकची सचित्र बातमी आली. महायुद्धातला अमेरिकी ट्रक, तोही मूळ इंजिनासह, असे त्यात ठामपणे म्हटले आहे आणि आधार दिला आहे तो डॅशवरच्या पितळी पाटीचा. ट्रक अमेरिकी असेलही. पण त्याच फोटोत इंजिनाच्या कुशीला डिझेल पंप दिसतो, पंपातून हेडकडे (सिलिंडरांवरच्या झाकणाकडे) गेलेल्या सहा नळ्या दिसतात आणि ब्लॉकवर उठावात ओतलेल्या आकड्याची सुरुवात ३१२ अशी वाचता येते. युद्धकाळात हिंदुस्थानात आलेले जीएमसी, शेव्हरोले, डॉज, फोर्ड, स्टुडबेकर हे लष्करी ट्रक पेट्रोलवर चालत. ३१२ हा मर्सिडीज-बेंझच्या ओएम ३१२ या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा आकडा आहे. ते इंजिन जर्मनीत १९४९ साली आले आणि आपल्याकडे टाटांनी डेमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार केल्यावर रस्त्यावर दिसू लागले. तेव्हा त्या चेसिसवर आज बसलेले इंजिन युद्धातले असूच शकत नाही.

ही चूक एकट्या त्या बातमीची नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलांत, परतवाडा आणि आलापल्लीकडच्या आरागिरण्यांत, जुन्या जिनांच्या मागच्या पडवीत आणि वावरातल्या विहिरींवर अशी इंजिने अजून सापडतात. त्यांच्याबद्दल गावात जे सांगितले जाते ते बहुतेक ऐकीव असते. डिझेल असले की ‘जर्मन’, पेट्रोलचे असले की ‘मिलिटरीचे’. या ऐकीव माहितीवर पिस्टन आणि रिंगा मागवल्या जातात, त्या बसत नाहीत, आणि शेवटी कंटाळून ब्लॉक भंगारात किलोने जातो. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, त्या ब्लॉकवर त्याची सगळी ओळख ओतलेली असते. ती वाचायला अर्धा दिवस, अर्धा लिटर डिझेल आणि एक खडू लागतो. ती कशी वाचायची हे आम्ही खाली सविस्तर लिहीत आहोत. शक्य तेवढे छापावे, ही विनंती.

आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. ‘इंजिन कुठले’ या प्रश्नात चार वेगळे प्रश्न आहेत: आराखडा कुणाचा, बीड कुठे ओतले, कधी ओतले, आणि इंजिन जोडून कारखान्याबाहेर कधी पडले. चौघांची उत्तरे ब्लॉकवर चार वेगळ्या जागी असतात. उठावातला लांबलचक आकडा आराखड्याचा. त्याच्या जवळपासचे चिन्ह किंवा अक्षरे फौंड्रीची, म्हणजे ओतशाळेची. छोट्या चौकटीतली किंवा गोलातली नोंद ओतल्याच्या तारखेची. आणि मशिन मारून गुळगुळीत केलेल्या जागेवर हातोडीने पंच केलेला, खोलगट, तो इंजिन नंबर. आरसी बुकात असतो तो हा चौथा. बाकी तीन कुठल्याही कागदावर नसतात, म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि म्हणूनच त्यांत सहसा कुणी फेरफार केलेला नसतो.

आराखड्याचा आकडा परवान्याबरोबर देश बदलतो. जर्मनीत ओतलेल्या आणि पुढे टाटांनी इथे बनवलेल्या इंजिनांची वंशावळ एकच, त्यामुळे नुसता ३१२ दिसला म्हणून ‘जर्मनीहून आलेले’ असे म्हणता येत नाही. पर्किन्स पी-६ चेही तसेच. आराखडा इंग्लंडातल्या पीटरबरोचा, पण पर्किन्सची इंजिने मद्रासला सिम्पसन कंपनीनेही परवान्यावर बनवली. देश ठरवायचा तो फौंड्रीच्या खुणेवरून आणि तारखेवरून.

आता साफसफाई. नंबर बिघडतात ते बहुधा इथेच. ब्लॉकवर ग्रीस, काळी माती आणि रंगाचे तीन-चार थर यांचे कवच झालेले असते. छिन्नी किंवा ग्राइंडर अजिबात लावू नये. बांबूच्या खपच्यांनी वरचा थर काढावा, मग पोत्याचा तुकडा डिझेलमध्ये भिजवून त्या जागेवर रात्रभर बांधून ठेवावा. सकाळी पितळी ब्रश, मग साबणाचे पाणी, मग कोरडे फडके. रंग निघत नसेल तर पेंट रिमूव्हर लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि लाकडी पट्टीने खरवडावे. गॅसच्या ज्योतीने रंग जाळणारे पुष्कळ आहेत. बिडाला एकाच जागी झटकन उष्णता दिली की तडा जायची भीती असते, आणि खाली चेंबरमध्ये (तेलाच्या भांड्यात) जुने तेल असते ते वेगळेच. कॉस्टिक सोड्याच्या हौदात अख्खा ब्लॉक बुडवायचा असेल तर आधी ॲल्युमिनियमचा प्रत्येक भाग काढावा. टायमिंग कव्हर ॲल्युमिनियमचे असेल तर सोडा ते खाऊन टाकतो आणि त्याच्यावरचा आकडाही त्याबरोबर जातो. वाळूचा फवारा तर नकोच. उथळ आकड्यांच्या कडा बोथट होतात, मग तीनाचा आठ वाचला जातो.

स्वच्छ झाल्यावर उठावाच्या आकड्यांवर खडू आडवा धरून हलका फिरवायचा, फक्त माथे पांढरे होतील एवढाच. खोल पंच केलेल्या नंबरात उलटे करायचे: खडूची पूड बोटाने भरायची आणि वरून कोरडे फडके फिरवायचे. दिवसा आकडे दिसत नाहीत असे वाटले तर रात्री बॅटरी घेऊन बसावे. उजेड समोरून मारू नये. ब्लॉकला जवळजवळ टेकवून तिरपा मारावा, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून आणि खालून. प्रत्येक वेळी फोटो घ्यावा. उजेडाची दिशा बदलली की पाचाचा एस आणि सहाचा आठ कुठे होत होता ते कळते. आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल छाप घेतात तशी छापही घ्यावी, मात्र उठावाच्या आकड्यांसाठी पातळ कागद आणि कोळशाची कांडी आडवी धरून. फोटो हरवतात, छाप आरसी बुकासोबत राहते.

कुठे शोधायचे? ब्लॉकची एक बाजू पाहून थांबू नये. चेंबरच्या पट्टीच्या वर, मॅनिफोल्डच्या खाली, सेल्फ (स्टार्टर) आणि पेट्रोल पंपाच्या आसपास, पाण्याच्या जाकिटाच्या डट्ट्यांमध्ये, मागे बेल हाउसिंगच्या गोलाईवर. सेल्फ आणि डायनामो काढल्याशिवाय पुष्कळ आकडे दिसतच नाहीत. आकडे उलटे, आरशात पाहावे तसे ओतलेले सापडले तर घाबरू नये. साच्यावर पट्टी उलटी बसली की तसे होते. मोबाईलमध्ये फोटो फिरवून वाचावा.

तारखेची पट्टी कशी ओळखायची ते नीट सांगतो, कारण तिच्यावरच सगळे अवलंबून आहे. लांब आकडा फर्म्यावर (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यावर) कायमचा असतो, तारीख रोज बदलावी लागते. म्हणून तारखेची छोटी धातूची पट्टी फर्म्यावर स्क्रूने बसवत आणि रोज काढून दुसरी लावत. तिच्या कडा आणि दोन्ही टोकांचे स्क्रूचे गोल माथे बिडात स्पष्ट उतरतात. पट्टी बरेचदा किंचित वाकडी बसलेली असते. अशी चौकट दिसली की ती तारीख, मग तिच्यात कितीही गूढ अक्षरे असोत.

जनरल मोटर्सच्या, म्हणजे शेव्हरोले वगैरेंच्या ब्लॉकवर आधी महिन्याचे इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ‘सी १४ ६’ असे असेल तर १४ मार्च, सहाने संपणारे वर्ष. आता ते १९३६, १९४६ की १९५६, हे पट्टी सांगत नाही. ते इंजिनाच्या प्रकारावरून ठरवावे लागते. फोर्डच्या पुढच्या काळातल्या ओतकामातही महिन्याला अक्षरे आहेत, पण तिथे आय हे अक्षर गाळलेले आहे, कारण ते एकासारखे दिसते. त्यामुळे ‘जे’ हे अक्षर शेव्हरोलेवर ऑक्टोबर आणि फोर्डवर सप्टेंबर. डॉज, फार्गो, डिसोटो या क्रायस्लर घराण्यात सरळ आकडे असतात, पण अमेरिकी क्रमाने: ‘५-१२-४९’ म्हणजे १२ मे १९४९. आपण तो ५ डिसेंबर वाचतो आणि सात महिने चुकतो. नंतरच्या काळातल्या ओतकामात घड्याळासारखा गोल दिसतो, कडेला एक ते बारा, मध्ये वर्ष आणि बाण. बाणाचे टोक ज्या आकड्याकडे तो महिना.

तारीख वाचल्यावर तिची सांगड घालायची. ब्लॉक आधी ओतला जातो, मग मशिनिंग, मग जोडणी, मग गाडी. सर्वसाधारणपणे काही आठवडे ते काही महिने. ओतल्याची तारीख गाडीच्या पहिल्या नोंदणीनंतरची असेल तर इंजिन नक्की बदललेले आहे, मग पाटी काहीही सांगो. हेडवर आणि ब्लॉकवर दोन्हीकडे तारीख असेल आणि त्यांत थोडेच अंतर असेल तर जोडी मूळची असण्याची शक्यता मोठी. वर्षांचे अंतर असेल तर हेड कधीतरी तडकले आणि दुसरे आले. त्यात इंजिनाचे काही बिघडत नाही, पण ‘मूळ’ म्हणताना ते सांगायला हवे.

काही घराण्यांच्या खुणा इतक्या ठळक आहेत की आकडा धूसर असला तरी चालते. फोर्डच्या जुन्या व्ही-आठ इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि हेड म्हणजे नुसते सपाट झाकण. बेल हाउसिंगचा अर्धा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला असेल आणि त्यावर ५९ए असे उठावात असेल तर ते १९४८ पर्यंतच्या, २३९ घनइंचाच्या मालिकेतले. या आकड्याच्या आधी ‘सी’ हे अक्षर जोडलेले असेल तर तो भाग कॅनडाच्या फोर्डचा. युद्धात ब्रिटिश-हिंदी सैन्याला कॅनडाचे उजव्या स्टिअरिंगचे फोर्ड आणि शेव्हरोले मोठ्या संख्येने मिळाले होते, म्हणून आपल्याकडे ‘अमेरिकी’ म्हणून सांगितलेला ट्रक कॅनडाचा निघणे मुळीच नवल नाही. १९४९ पासूनच्या ८बीए मालिकेत बेल हाउसिंग वेगळी, बोल्टने लावलेली.

डॉजच्या सपाट हेडच्या सहा सिलिंडर इंजिनाला टेप लावून हेडची लांबी मोजावी. सुमारे २३ इंच भरली तर अमेरिकी डॉज-प्लायमाउथचा छोटा ब्लॉक, २५ इंच भरली तर मोठा. कॅनडात विंडसरला बनणाऱ्या डॉज-फार्गोत हा २५ इंची ब्लॉक सर्रास वापरत. अमेरिकेत तो क्रायस्लर आणि डिसोटोला होता. दोन इंचांचा हा फरक ज्याला ठाऊक नाही तो चुकीचे हेड गॅस्केट मागवतोच. सुट्या भागांवर डीपीसीडी ही चार अक्षरे एकत्र दिसली तर ती डॉज, प्लायमाउथ, क्रायस्लर, डिसोटो यांची सामाईक खूण. पण ती भागाची ओळख, ब्लॉकची नव्हे.

शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरमध्ये व्हॉल्व्ह कव्हर वरून मधल्या दोन स्टडांनी आवळलेले असेल आणि बाजूचे पत्र्याचे झाकण प्लगांच्याही वर हेडपर्यंत गेलेले असेल, तर बहुधा जुने २१६ घनइंचाचे. कव्हर कडेच्या चार स्क्रूंनी धरलेले आणि बाजूचे झाकण आखूड असेल तर नंतरचे २३५.

एकाच ओतीव ब्लॉकमधून मशिनिंग करताना वेगवेगळ्या बोरची (सिलिंडरच्या आतल्या व्यासाची) इंजिने काढली जातात, म्हणून उठावातला आकडा घराण्यापर्यंतच नेतो. पुढची खात्री मोजमापाने होते. इथे बहुतेक जण बोर मोजतात आणि फसतात. आपल्याकडे इंजिन दोन-तीनदा बोर झालेले, नाहीतर स्लीव्ह (आतली नळी) टाकून मूळ मापावर परत आणलेले असते. ओएम ३१२ चा बोर मूळ ९० मिलिमीटर, टाटाच्या ६९२ या इंजिनाचा ९२. घासून आणि बोर करून ३१२ हे ९१ वर आले की मोजणारा गोंधळतो. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तर सारखाच, १२० मिलिमीटर. अशा वेळी हेड पाहावे. ३१२ मध्ये नोझलखाली वेगळा छोटा कक्ष असतो आणि थंडीत चालू करायला हीटर प्लग असतात, ६९२ डीआयमध्ये डिझेल सरळ पिस्टनवर फवारले जाते आणि हीटर प्लगची भोकेच नसतात. तो एक गोंधळ सोडला तर स्ट्रोक हा सर्वांत भरवशाचा पुरावा, कारण क्रँक घासून अंडरसाइज केली तरी स्ट्रोक बदलत नाही.

आपल्याकडे भेटणाऱ्या इंजिनांचे स्ट्रोक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. शेव्हरोले २१६ आणि फोर्ड व्ही-आठ २३९, दोन्ही ९५.२५ मिलिमीटर. युद्धातल्या जीएमसीचे २७० आणि बेडफर्डचे २१४ पेट्रोल, दोन्ही १०१.६. स्टुडबेकरमधले हर्क्युलिस १०८. डॉज २३० चा ११७.५. ओएम ३१२, ओएम ३२१ आणि टाटा ६९२, तिघांचा १२०. पर्किन्स पी-६ आणि नंतरचे ६.३५४ यांचा १२७, आणि टाटा ६९७ चा १२८. शेवटच्या दोघांत फक्त एका मिलिमीटरचा फरक, तो दोरीने किंवा लाकडी पट्टीने कळणार नाही. व्हर्निअरच हवा. जीएमसी आणि बेडफर्ड स्ट्रोकने वेगळे होत नाहीत, पण बोर ९६ विरुद्ध ८५.७, एवढे अंतर कुठल्याही झिजेत लपत नाही.

स्ट्रोक मोजायचा कसा, हे इंजिनागणिक वेगळे आहे. डॉजच्या सपाट हेडवर सहाव्या सिलिंडरच्या वर एक छोटा डट्टा असतो. तो काढून सरळ तार आत सोडावी, फ्लायव्हील हाताने फिरवावे, पिस्टन सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना तारेवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर म्हणजे स्ट्रोक. ही सोय ३१२ ला किंवा पी-६ ला नाही. त्यांच्या नोझलचे भोक बाजूच्या कक्षात उघडते, सिलिंडरमध्ये सरळ उतरत नाही. तिथे तार घालून मोजणारा हमखास चुकतो, आणि तार आत तुटली तर हेड उतरवावेच लागते. अशा इंजिनाचे चेंबर काढून ब्लॉक उलटा ठेवावा. चेंबरच्या पट्टीवर सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवून त्यांवर पोलादी पट्टी आडवी टाकावी आणि कनेक्टिंग रॉडच्या टोपीपर्यंतचे अंतर व्हर्निअरच्या दांडीने मोजावे. क्रँक अर्धा फेरा फिरवून परत मोजावे. दोहोंतला फरक म्हणजे स्ट्रोक. प्रत्येक टोकाला क्रँक किंचित मागेपुढे हलवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर घ्यावे, नाहीतर दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. इंजिन जाम असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि ऑइल समप्रमाणात ओतून तीन-चार दिवस मुरू द्यावे, मग फ्लायव्हीलच्या दात्यांवर सब्बल लावून हळू हलवावे. पुढच्या पुलीच्या बोल्टवर लांब पाइप चढवून जोर लावला की बोल्ट तुटतो.

आकडे पार झिजलेले असले तर आटे बोलतात. जर्मन इंजिनात मिलिमीटरचे आटे, अमेरिकीत यूएनसी (जाड) आणि यूएनएफ (बारीक) या मापांचे, जुन्या इंग्रजीत व्हिटवर्थ (जाड) आणि बीएसएफ (बारीक) या मापांचे. आटे मोजायचा पिच गेज स्वस्त असतो, तो जवळ ठेवावा. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचात १२ आटे, यूएनसीत १३. तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टला बीएसएफमध्ये २०, यूएनएफमध्ये २४. पण तीन अष्टमांशच्या जाड आट्यांवरून काहीच ठरत नाही, कारण व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हींत १६ आहेत, फरक फक्त कोनाचा, ५५ अंश आणि ६० अंश. त्याहून वाईट म्हणजे हाच बोल्ट १० मिलिमीटरच्या भोकात ढिला का होईना पण चढतो. कुणीतरी तो चढवलेला असतो, आणि पुढचा माणूस त्यावरून इंजिन अमेरिकी ठरवतो. म्हणून सुटा बोल्ट मोजू नये, ब्लॉकमधले भोक मोजावे, आणि तेही ज्याला सहसा पाना लागत नाही असे: मेन बेअरिंगच्या टोप्या, तेलाच्या वाटेचे डट्टे. हेडचे स्टड बरेचदा नव्याने टॅप केलेले असतात. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने १९४८ मध्ये समान आटे मान्य केले. त्यामुळे इंग्रजी इंजिनात यूएनएफ दिसले तर आराखडा बहुधा त्यानंतरचा. पण जुने आराखडे पुढेही जुन्याच आट्यांनी बनत राहिले, म्हणून उलट अनुमान काढू नये.

डिझेल पंप, डायनामो, सेल्फ, रेडिएटर यांच्यावरच्या नावांना पुरावा मानू नये. पंपावर मायको लिहिलेले असले तर त्यातून पंप बंगळूरचा एवढेच कळते. पितळी पाटी तर चार रिव्हिटांवर असते आणि ती बहुधा गाडीची असते, इंजिनाची नसते. रिव्हिट एकसारखे नसतील किंवा पाटीच्या मागे दुसऱ्या आकाराच्या पाटीची सावली दिसत असेल तर ती तिथली नाही.

पंच केलेल्या इंजिन नंबराला मात्र डिझेल आणि फडक्यापलीकडे काहीही लावू नये. त्याखालच्या गुळगुळीत जागेवर कारखान्यातल्या मशिनच्या बारीक समांतर रेघा असतात. कानस किंवा पॉलिश पेपर फिरला की त्या जातात, आणि मग नंबर खरा असला तरी तपासणाऱ्याला तो खोडलेला वाटतो. मालकाला त्याचा त्रास वर्षानुवर्षे होतो.

इंजिन बदलणे म्हणजे लबाडी, असा अर्थ कुणी काढू नये. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये (लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीत) घेतलेल्या ट्रकांची पेट्रोल इंजिने इंधन फार पीत. मालकांनी ती उतरवून पर्किन्स किंवा मर्सिडीज बसवली, त्यावर घरे चालली. त्या कामाच्या खुणाही ओळखता येतात: इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घातलेली जाड पोलादी चकती, तिला भोकांचे दोन वेगळे वेढे, चेसिसचा आडवा दांडा कापून पुन्हा वेल्ड केलेला, इंजिनाच्या पायांना घरगुती ब्रॅकेट. जुन्या आरसी बुकात इंजिनबदलाची नोंद असते. ती शोधताना एक लक्षात ठेवावे. विदर्भ १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. एकाच ट्रकच्या कागदांवर तीन राज्यांचे शिक्के असू शकतात. ते पाहून कागद खोटे ठरवू नयेत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, आणि वापर धंद्यासाठी नको. सहा टायरच्या मालट्रकला ती लागू होते का, हे अर्ज करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. पण अर्ज करायचा असो वा नसो, इंजिनाची तारीख आधी वाचावी. वीस हजारांचे शुल्क भरल्यावर ब्लॉक वीस वर्षांनी नवा निघाला तर दोष कुणाला देणार?

आमची एक मागणी आहे. तालुक्या-तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा वर्ग आहे. त्या मुलांना आपल्या तालुक्यातल्या जुन्या इंजिनांची नोंद घ्यायला लावावी. प्रत्येक इंजिनासाठी एक कागद पुरेल: उठावातला आकडा जसा दिसतो तसा, न कळणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब, फौंड्रीचे चिन्ह हाताने काढलेले, तारखेच्या पट्टीची कोळशाची छाप, हेडवरचा आकडा वेगळा, स्ट्रोक मिलिमीटरमध्ये, बोर वरच्या न झिजलेल्या कडेला आणि मधोमध असा दोनदा मोजलेला, ब्लॉकमधल्या एका न उघडलेल्या भोकाचे आटे, आणि फोटो कुठल्या बाजूने घेतला ते. अंदाज लिहायचा तर खाली वेगळ्या ओळीत, आकड्यांच्या ओळीत नको. भंगारवाल्यांनाही आमचे सांगणे आहे की ब्लॉक फोडण्याआधी हा कागद भरू द्यावा. बीड कुठे जात नाही, उद्याही त्याच भावाने विकले जाईल. आणि वार्ताहरांनी फोटो काढताना पाटीबरोबर सेल्फच्या वरची ब्लॉकची बाजू खडू फिरवून जवळून टिपावी, शेजारी मोजपट्टी धरून.

कळावे,
जुन्या अवजड इंजिनांची कामे करणारे काही मेकॅनिक आणि फिटर,
जिल्हा यवतमाळ